चार बास्केट माझ्या नावावर

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉलला हात लावला नाही, आणि तरीही आमच्या कॉलेजात त्यांच्याइतका बास्केटबॉल दुसरा कुणीही खेळलेला नाही, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. बाकीची पोरं तीन-चार वर्षं खेळली आणि पदवी घेऊन किंवा न घेता निघून गेली. काका सत्तावीस वर्षं खेळले, तेही खुर्चीवर बसून. मैदानाच्या लांब बाजूला मधोमध, रेषेच्या बाहेर एक लाकडी टेबल असायचं. टेबलावर स्कोअरशीट, ते वाऱ्यानं उडू नये म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आणलेलं पितळी वजन, उजव्या हाताशी घंटा, आणि काकांच्या खिशात दोन पेनं. पहिल्या हाफला लाल, दुसऱ्या हाफला निळं. नोकरीनं ते प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणजे पगार परीक्षानळ्या धुण्याचा, आणि जीव सगळा त्या कागदात. मीही त्या संघात होतो. 'होतो' एवढंच. राखीव खेळाडूंचं बाकडं टेबलाला लागून असायचं आणि बाकड्याचं ते टोक चार वर्षं माझ्या मालकीचं होतं, त्यामुळे मला खेळापेक्षा काकाच जास्त पाठ झाले. चार वर्षांत माझे एकूण गुण सतरा. त्यातले आठ माझे नाहीत. ते कुणाचे आणि माझ्याकडे कसे आले, ह्या भानगडीपायी मी हे लिहायला बसलो आहे, पण आधी काका समजायला हवेत.

काका सामना बघत नसत. म्हणजे आपण ज्याला बघणं म्हणतो ते करत नसत. बॉल हवेत गेला की सगळ्या मैदानाच्या माना वर व्हायच्या, काकांची मात्र खालीच. "बॉल काय बघायचा? बॉल कुणाचाच नसतो," ते म्हणायचे. "टाकणाऱ्याची छाती बघायची. तिथं नंबर असतो." बास्केट झाली की ते कागदावर ओळीनं छापलेल्या गुणांतल्या पुढच्या आकड्यावर एक तिरपी रेघ ओढायचे, शेजारी टाकणाऱ्याचा नंबर लिहायचे, आणि शाईवर हलकी फुंकर मारायचे. टाळी नाही, हसू नाही, अरेरे नाही. कॉलेज जिंकलं तरी फुंकर, हरलं तरी फुंकर. माणसं त्यांना नावानं आठवतच नसत. एकदा औरंगपुऱ्यात भर बाजारात एक दणकट फौजदारसाहेब मोटारसायकल लावून पान खात उभे होते. काका माझ्याबरोबर चालत होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय नऊ, कधी आलास?" फौजदारांनी पान टाकलं, पट्टा सारखा केला आणि म्हणाले, "काल आलो काका." त्या काळी जर्सीचे नंबर चारपासून सुरू व्हायचे, त्यामुळे काकांच्या जगात एक, दोन आणि तीन नंबरची माणसंच नव्हती. त्यांचा थोरला मुलगा घरात 'चार' होता आणि धाकटा 'पाच'. काकूंनी एकदा रागानं विचारलं, "मग मी कोण?" तर म्हणाले, "तू पंच."

दुष्काळाची ती वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पाऊण तास, आणि वाळूज-चिकलठाण्याकडे कारखाने उठत होते तशी शहरात माणसं वाढतच होती. काका राहायचे त्या गल्लीत एकच सार्वजनिक नळ आणि तिथं दर आठवड्याला महाभारत. तिसऱ्या आठवड्यात काकांनी स्टूल, वही आणि शिट्टी नेली. ढकललं की पर्सनल फाउल. शिवी दिली की टेक्निकल. पाच फाउल झाले की हंडा घेऊन रांगेच्या शेवटी. बायका आधी हसल्या, मग भांडल्या, मग मात्र वहीत डोकावून स्वतःचे फाउल बघायला लागल्या. एक दिवस पाचवा फाउल भरला तो नेमका घरमालकिणीचा. तिनं तिथंच कमरेवर हात ठेवून सांगितलं, "उद्याच्या उद्या खोली खाली करा." काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "उद्या करतो. आज तुम्ही मागं जा." ती गेली. आश्चर्य म्हणजे खोलीही राहिली, कारण पुढच्या आठवड्यात तिलाच कुणीतरी ढकललं आणि तिनं पहिली हाक काकांना मारली.

एका स्थानिक पेपरानं आमच्या एका खेळाडूचे दोन गुण कमी छापले, तेव्हा काका प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या कचेरीत जाऊन बसले. संपादक म्हणाले, "अहो, दोन गुणांनी काय बिघडतंय?" काका म्हणाले, "तुमच्या पेपरात निधनवार्ता येते. मेलेल्याचं नाव चुकून शेजाऱ्याचं छापलं तर चालंल का?" चार वाजेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी 'हरवले आहे' ह्या सदराखाली तीन ओळींचा खुलासा आला, आणि काकांनी तो कापून स्कोअरशीटला टाचून ठेवला.

माझं लग्नसुद्धा ह्याच खात्यातून मंजूर झालं. कॉलेज सुटून पाच-सहा वर्षं झाली होती, मी एका पतपेढीत चिकटलो होतो, आणि त्यांच्या पुतणीचं स्थळ मला सांगून आलं. घरच्यांनी काकांना विचारलं, मुलगा कसा आहे, तुमच्या ओळखीचा आहे ना. काकांनी स्कोअरशीटांची पेटी उघडली, गठ्ठे काढले, चष्मा लावला. "चार वर्षांत तीन फाउल," ते म्हणाले. "स्वभाव गरीब हाय. फ्री थ्रो नऊ घेतले, घातला एक. म्हणजे ऐनवेळी हात कापतात. पण पोरगीच खंबीर हाय, चालतंय." मी समोर बसलो होतो. हातात पोह्यांची बशी. सासरे म्हणाले, "बरं, गुण?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सतरा," आणि पेटी बंद केली. ते 'सतरा' म्हणताना त्यांचा आवाज थोडा बसला, हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

आता सोपान. सोपान पिशोरचा, मेंढपाळाच्या घरातला. उंची म्हणाल तर संघात तिसरी-चौथी, पण हाताचा नेम असा की विचारू नका. लहानपणापासून चुकार मेंढी वळवायला तिच्या पुढ्यात खडा टाकायचा, तिला न लागता, हीच त्याची तालीम. आमचे क्रीडाशिक्षक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्याला सांगायचे, "कोपर आत घे, गुडघा वाकव." सोपान म्हणायचा, "व्हय सर," आणि आपल्याच पद्धतीनं टाकायचा. बॉल जाळीतून खाली. जिमखान्याच्या भिंतीवर एक काळी लाकडी पाटी होती, पांढऱ्या रंगात विक्रमवीरांची नावं लिहिलेली. एका सामन्यातले सर्वाधिक गुण, एका मोसमातले, आणि सगळ्यात वर संपूर्ण कॉलेज-कारकिर्दीतले. ते वरचं नाव बारा वर्षं हललं नव्हतं. ज्या गृहस्थाचं होतं तो आता हर्सूलच्या रस्त्याला प्लॉट पाडून विकत होता आणि वर्षातून एकदा येऊन पाटीखाली उभा राहून फोटो काढून घ्यायचा. सोपान चौथ्या वर्षाला आला तेव्हा त्याला मागे टाकायला थोडेच गुण उरले होते, आणि शेवटच्या सामन्याआधी काकांनी बेरीज करून सांगितलं, "एकोणीस पाहिजेत. अठरा झाले तर बरोबरी. एकोणीसला नाव वर."

हे नुसतं पाटीवरच्या नावाचं नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्याला स्वतःचा संघ उभा करायचा होता. तिथल्या साहेबांनी सरांना निरोप धाडला होता की तुमच्या कॉलेजातला एक मुलगा घेतो, पण ज्याचं नाव पाटीवर सगळ्यात वर आहे तोच, बाकी शिफारशी आणू नका. सोपानच्या बापानं त्या वर्षी चाऱ्यासाठी मेंढरं गोदावरीच्या अंगाला उतरवली होती आणि पोराला बजावलं होतं, की नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परीक्षा झाली की कळपाबरोबर चालायला ये, मला एकट्याला झेपत नाय. सोपान हे सांगायचा तेव्हा हसायचा. पण सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानं एकही बास्केट चुकवली नाही आणि एकही शब्द बोलला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सामना आमच्याच मैदानावर, चैत्रातल्या दुपारी चार वाजता. सिमेंट इतकं तापलेलं की बुटातून चटके बसत होते. जर्सींचा एकच संच, बारा नग, आणि पाणी नसल्यामुळे तो त्या मोसमात एकदाही धुतला नव्हता. घामाचं मीठ पाठीवर नकाशासारखं उमटलेलं. सोपानचा नंबर सात, माझा तेरा. मैदानाच्या कोपऱ्यात टँकरमधून भरलेलं एक पिंप होतं, त्यावर शिपाई बसवला होता, आणि हुकूम असा की हाफटाइमला माणशी एक ग्लास, त्याआधी घोट नाही. आजूबाजूला सगळं कॉलेज जमलेलं. पाटीवरचे ते प्लॉटवाले गृहस्थही जीपमधून येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते, तोंडावर सदिच्छा, पण हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेली.

पहिल्या हाफमध्ये समोरच्या संघानं सोपानच्या अंगावर दोन माणसं सोडली. तरी आठ गुण झाले. काकांच्या कागदावर लाल शाईत चार रेघा, शेजारी चार वेळा सात. आम्ही पाच गुणांनी मागे होतो. हाफ संपता संपता त्यांच्या एका पोरानं सोपानला मागून धरला आणि जर्सी खांद्यापासून कमरेपर्यंत टरकन फाटली. पंचांनी सांगितलं, असा उघडा मैदानात यायचा नाही. बारांखेरीज जादा जर्सी होतीच कुठं. सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. "काढ रे," ते म्हणाले. मी माझी तेरा नंबरची काढून सोपानला दिली आणि त्याची फाटकी सात अंगात घालून खांद्यावर गाठ मारली. सरांनी टेबलाकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाले, "जा, काकांना सांग नंबर बदललाय म्हणून. आत्ता सांग." नियम साधा होता. नंबर बदलायचा तर हाफ सुरू होण्याआधी टेबलाला कळवायचं, मग काही नाही. न कळवता बदललेला सापडला, तर टेक्निकल फाउल, आणि समोरच्यांना दोन फ्री थ्रो.

मी निघालो. हाफटाइमला आम्ही सगळे बास्केटखाली जमलो होतो, तिथून टेबल वीस पावलांवर होतं. वाटेत पिंप होतं आणि पिंपापाशी रांग होती, आणि शिपाई आत वाकून ग्लास भरत होता. पिंपाच्या तळाला ग्लास घासल्याचा आवाज मला ऐकू आला. मी आधी पाणी घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, पाय तिकडं वळले. रांगेत पुढं सहाजण. एक ग्लास मिळाला तेव्हा पंचांची शिट्टी वाजली होती आणि पोरं मैदानात उतरली होती. मी पळत येऊन बाकड्याच्या टोकाला बसलो. माझ्या मनात आलं, काका काय सोपानला ओळखत नाहीत का, त्यांच्या लक्षात येईलच.

त्यांच्या लक्षात आलंच. दुसऱ्याच मिनिटाला सोपाननं कोपऱ्यातून बास्केट घातली. काकांनी निळं पेन टेकवलं, तिरपी रेघ ओढली, त्याच्या छातीकडे बघितलं. मग माझ्या अंगावरच्या फाटक्या सातकडे बघितलं. पेन कागदाच्या वर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, तेरा. अंगावर जो नंबर, त्याचे गुण. दुसरं काही लिहायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. पण त्यांनी फुंकर मारली नाही. त्यांचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून होता आणि उजवा घंटेच्या अंगाला सरकला होता. मी तोंड उघडलं. सांगितलं तर दोन फ्री थ्रो. आधीच आम्ही मागे. सर मला उभा चिरतील. मी तोंड मिटलं.

दुसरी बास्केट. मैदान नुसतं गर्जत होतं. काकांनी पुन्हा तेरा लिहिलं. हात घंटेपर्यंत गेला आणि परत आला. ते टेबलावरचे अधिकारी, तिथं बसल्यावर कॉलेज त्यांचं नव्हतं, हे ते आम्हाला हजारदा सांगून चुकले होते. आणि समोर तेच कॉलेज, गच्चीवरून, झाडावरून, ओरडून ओरडून घसा फोडत होतं, कारण पाचाचा फरक आता एकावर आला होता. तिसरी बास्केट. तेरा. काकांच्या कपाळावरून घामाचा थेंब कागदावर पडला. त्यांनी तो टिपला नाही. मी मनात म्हणत होतो, वाजवू नका, वाजवू नका, आणि दुसऱ्याच क्षणाला म्हणत होतो, वाजवा ना हो. चौथी बास्केट पडली आणि आम्ही पुढं गेलो. काकांनी कागदाच्या कडेला नजर टाकली. सातपुढं आठ. तेरापुढं आठ. त्यांनी पेन खाली ठेवलं. चालू सामन्यात त्यांनी पेन खाली ठेवल्याचं सत्तावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. बॉल बाहेर गेला आणि काकांनी घंटा वाजवली.

पंच टेबलाशी आले. काका उभे राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नंबर तेरा न कळवता बदललेला हाय. हाफ सुरू झाल्यापासून." समोरच्या संघाच्या कप्तानानं उडीच मारली. टेक्निकल फाउल, दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. गुणांचा प्रश्न निघाला तेव्हा तो कप्तान हटूनच बसला की जे तेराच्या नावावर लिहिलं ते तेराचं. पंचांनी दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, "लिहिलं ते लिहिलं गेलं. ह्यापुढचे सातच्या नावावर धरा." माझ्या मागून कुणीतरी काकांना आईवरून शिवी दिली. सरांनी काकांकडे बघितलं आणि नजर फिरवून घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, त्यांना वाटलं मी सांगितलं असणार आणि म्हाताऱ्यानंच उशीर केला.

उरलेल्या वेळात सोपान कसा खेळला हे मला सांगता येणार नाही. मी कागदाकडेच बघत होतो. आठचे दहा झाले, बाराचे चौदा, सोळा. एक फ्री थ्रो, सतरा. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि सोपानला एक बास्केट हवी होती. पडली तर सामना आमचा, पाटी त्याची, नोकरी त्याची. घड्याळ धरलेला मास्तर मोठ्यानं सेकंद मोजत होता. बॉल सोपानच्या हातात आला, दोन माणसं अंगावर, आणि त्यानं त्यांच्या डोक्यावरून टाकला. त्या एका बॉलकडे काकांनी मान वर करून बघितलं. बॉल कडीवर आपटला, कडीवरून एक वेढा फिरला, थांबल्यासारखा झाला, आणि बाहेरच्या बाजूनं खाली पडला. मास्तर म्हणाला, "वेळ."

सोपान टेबलापाशी आला. घामानं भिजलेला, माझा तेरा नंबर छातीला चिकटलेला. कागदात वाकून बघितलं. "काका, ह्या चार बास्केट ह्याच्या नावावं गेल्या व्हय?" त्यानं विचारलं. काकांनी पेनाला टोपण लावलं. सोपान माझ्याकडे बघून हसला. "जाऊ द्या. त्याच्याबी पदरात कायतरी पडू द्या की," तो म्हणाला, आणि पिंपाकडे गेला. पिंप रिकामं होतं. तो पिंपात वाकून उभा राहिला, बराच वेळ, आणि मला कळलं की तो पाणी शोधत नाहीये.

काकांच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली होती. ते ती सायकल ढकलत घरी गेले. आठवड्याभरात प्राचार्यांची चिठ्ठी आली, की पुढच्या वर्षीपासून टेबलावर दुसरी व्यवस्था करण्यात येत आहे. काकांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि परीक्षानळ्या धुवायला लागले. पण त्याआधी, सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी रजा टाकली होती. कापडी पिशवीत सोपानचे चार वर्षांचे सगळे कागद घातले, सोपानला सायकलीच्या कॅरिअरवर बसवला आणि भर उन्हात चिकलठाण्याचा तो कारखाना गाठला. पुढं काय झालं हे मला सोपाननं सांगितलं. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ह्यात तर हा मागे पडलाय." काका म्हणाले, "साहेब, कागद गलत हाय. मी उशिरा घंटा वाजवली." आणि एक पत्र पुढं केलं. लाल शाईत, खाली सही, तारीख. त्यात एवढंच होतं की अमुक सामन्यातले आठ गुण ह्या मुलाचे आहेत, चूक टेबलाची आहे, आणि टेबलावर मी होतो. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या विरुद्ध लिहून देताय, हे कळतंय ना?" काका म्हणाले, "लिहूनच आणलंय." साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि सोपानला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. तो तिथं तीस वर्षं राहिला.

पाटीवरचं नाव काही बदललं नाही. आणि काका त्या टेबलावर परत कधी बसले नाहीत. नवे स्कोअरर आले, चार जण चार प्रकारे लिहायला लागले. सामना असला की काका प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभे राहायचे, हातात ओलं फडकं, आणि खालून शिट्टी ऐकू आली की त्यांचा उजवा हात आपोआप हवेत एक तिरपी रेघ ओढायचा. मी एकदा वर जाऊन हे पाहिलं आणि उलट्या पावली खाली आलो. मला त्यांच्यासमोर उभं राहवलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी हर्सूलला दोन खोल्या बांधल्या. लग्नानंतर मी दर रविवारी जायचो, जावई म्हणून चहा प्यायचो, आणि त्या सामन्याचा विषय आम्ही दोघांनी तीस वर्षं काढला नाही. बायकोलाही मी पिंपाचं कधी सांगितलं नाही. ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात काका बाजेवरून फारसे उठत नव्हते. दृष्टी गेली होती. एका दुपारी मी शेजारी बसून पंखा हलवत होतो, वीज गेली होती. मला वाटलं त्यांना झोप लागली. तर डोळे मिटूनच म्हणाले, "घंटा वाजवली का रे?"

"वाजवली की काका," मी म्हणालो. "वेळेवर वाजवली."

"गलत," ते म्हणाले. "चार बास्केट झाल्या होत्या."

"सोपानचं चांगलं झालं काका. पोरं शिकली त्याची. घर बांधलं."

"ते त्यानं केलं. चार बास्केट माझ्याकडं हायेत."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी पंखा खाली ठेवला. "तुमच्याकडं नाहीत," मी म्हणालो. "कागदावर त्या माझ्या नावावर आहेत. सरांनी मला पाठवलं होतं तुम्हाला सांगायला. हाफ सुरू व्हायच्या आधी. मी आलो नाही काका. मी पाण्याच्या रांगेत उभा राहिलो."

"ठावं हाय," काका म्हणाले.

"कसं काय?" मी विचारलं.

"सरांचं बोट टेबलाकडं होतं आन् तू पिंपाकडं वळलास. माझ्या समोरच तर होतं पिंप."

"मग त्या पत्रात माझं नाव का नाही लिहिलं? चूक टेबलाची असं का लिहून दिलंत?"

काकांनी चाचपत उशी सारखी केली. बाहेर कुणाच्या तरी नव्या घराचं काम चालू होतं, तिथून पाटी-फावड्याचा आवाज येत होता.

"ग्लासातलं पाणी संपल्यावरबी तू तो तसाच तोंडाला लावून उभा होतास," ते म्हणाले. "लई तहान लागली होती तुला."

मग त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी उठलो, त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवला, आणि पुन्हा पंखा हातात घेतला.